काईला लावा भिंग: दुर्मीळ ताकाकिया आणि आपला संत्रा यांची तुलना कशी करायची

आमच्या घरामागे कूलरचं पाणी गळून गळून भिंतीवर हातभर हिरवा पट्टा झाला आहे. नवतपात अंगण तव्यासारखं तापतं, तेव्हाही तो पट्टा मखमलीसारखा गार असतो. शेजारच्या काकू एकदा मला तिथे उकिडवं बसलेलं पाहून म्हणाल्या, "काहून भाऊ, लोकं काई घासून काढतात अन् तुम्ही तिले भिंग लावून पाहून राहिले!"

त्या पट्ट्यापासून चार हातांवर संत्र्याचं झाड आहे. एकाला मुळं नाहीत, दुसऱ्याची मुळं अंगणभर पसरलेली. पाणी दोघांनाही त्याच कूलरचं. या दोघांची तुलना करता करता मला ताकाकियाचा नाद लागला. भिंतीवरच्या या मखमली काईला मॉस म्हणतात, आणि ताकाकिया हे जगातल्या सर्वांत दुर्मीळ आणि विचित्र मॉसांपैकी एक. ते हिमालयासारख्या थंड डोंगरांत राहतं, आपल्या हाती लागायचं नाही. तरीही त्याची आणि संत्र्याची तुलना नागपुरात बसून करता येते. मधला दुवा म्हणून भिंतीवरचं साधं मॉस पुरतं. ती कशी करायची, ते अगदी नवख्या माणसासाठी सांगतो.

आधी सामान

दहापट मोठं दाखवणारं घडीचं भिंग घ्या, सोनार वापरतात तसलं. इतवारीत सराफ्याच्या आसपास सहज मिळतं. पाण्याचा फवारा मारायची बाटली, जुन्या लग्नपत्रिकांची पाकिटं, व्हॅसलीन, दोरा आणि एक दोनशे पानी वही. छोटा डिजिटल काटा असला तर उत्तम, नसला तरी अडत नाही. मॉस कधीही प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवू नका, दोन दिवसांत कुजून वास मारतं. कागदाच्या पाकिटात मात्र वाळून वर्षानुवर्षं टिकतं.

वहीच्या प्रत्येक पानावर तीन रकाने आखा: भिंतीवरचं मॉस, संत्रा, ताकाकिया. पहिले दोन स्वतः पाहून भरायचे. तिसरा वाचून भरायचा, आणि तो दुसऱ्या रंगाच्या शाईने लिहायचा. पाहिलेलं आणि वाचलेलं एकाच शाईत मिसळलं की महिन्याभराने कोणतं कुठलं, हे आपलं आपल्यालाच कळत नाही.

पायरी १: हे मॉसच आहे ना?

नवशिका सगळ्यात जास्त इथेच चुकतो. आपण हिरव्या, ओल्या कशालाही काई किंवा शेवाळ म्हणतो. त्यात निदान चार वेगवेगळे जीव असतात.

बोट फिरवा. चिकट, बुळबुळीत लागलं आणि भिंगातून पानं दिसली नाहीत, तर ते शेवाळ. टाकीत वाढतं तेच. बोटाला मखमल लागली आणि भिंगातून इवल्या खोडाभोवती टोकदार पानं दिसली, तर ते मॉस. करड्या रंगाचा, कागदासारखा पापुद्रा असेल तर ते दगडफूल. हो, सावजी मसाल्यात पडतं तेच. दगडफूल म्हणजे बुरशी आणि शेवाळ यांचा एकत्र संसार, मॉसशी त्याचं नातं नाही. आणि पावसाळ्यात ओल्या मातीवर हिरवी चपटी गुलाबपुष्पासारखी चकती दिसली, तर ती बहुधा रिक्सिया. शाळेच्या पुस्तकात फ्युनारिया, मर्केंशिया यांच्या रांगेत ती होती, आठवत असेल.

शोधायला फार लांब जावं लागत नाही. जुन्या चुन्याच्या भिंती, विहिरीचा काठ, सेमिनरी हिल्सच्या उतारावरचे सावलीतले काळे दगड, तेलंगखेडी किंवा महाराजबागेतल्या मोठ्या झाडांचे बुंधे. पहिला जोरदार पाऊस होऊन पंधरा दिवस गेले की निघा. मात्र राखीव जंगलातून, किल्ल्याच्या किंवा देवळाच्या भिंतीवरून काही खरवडून आणू नका. घराची भिंत पुरेशी आहे.

विटा-चुन्यावर आपल्याकडे बरेचदा हायोफिला नावाचं मॉस असतं. वाळलं की त्याची पानं आतल्या बाजूला गुंडाळतात, त्यावरून अंदाज बांधता येतो. पण नाव नक्की करायला सूक्ष्मदर्शक लागतो. तुलनेला नावाची गरज नाही. वहीत 'कूलरखालचं मॉस' एवढंच लिहा आणि पुढे चला.

पायरी २: आणि हा संत्राच आहे ना?

तुम्ही हसाल. मीही हसलो असतो. आमच्या अंगणातल्या झाडाला मी चार वर्षं संत्रा समजून पाणी घातलं. पाचव्या वर्षी फळं लागली ती खडबडीत, जाड सालीची, आणि आंबट म्हणजे दात शिवशिवतील इतकी. ती जंभेरी, म्हणजे एक आंबट लिंबू, निघाली.

झालं असं होतं की संत्र्याचं कलम जंभेरीच्या किंवा रंगपूर लिंबाच्या खुंटावर संत्र्याचा डोळा (फांदीवरचा अंकुर) भरून करतात. मुळं जंभेरीची, वरचं झाड संत्र्याचं. डोळ्याच्या खालून फुटवे आले आणि ते वेळेवर काढले नाहीत, तर खुंटच झाड बळकावतो. माझा संत्रा कधीच मेला होता, मी त्याच्या खुंटाला माया लावत होतो. आता अंगणात आहे तो दुसरा, बुंध्यावरचा जोड बोटाने चाचपून पाहून आणलेला. रोप घ्यायचं असेल तर अमरावती रोडवर केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था आहे, तिथे रोगमुक्त कलमांची चौकशी करा.

पानावरूनही लिंबूवर्ग ओळखता येतो. पान उजेडासमोर धरा: बारीक पारदर्शक ठिपके दिसतील. त्या तेलाच्या ग्रंथी आहेत, चुरगळल्यावर वास येतो तो त्यांचाच. मग देठाकडे पाहा. पान आणि देठ जिथे जुळतात तिथे एक सांधा दिसतो आणि देठाला अरुंद पंख असतात. वनस्पतिशास्त्रज्ञ याला संयुक्त पान मानतात, ज्याची बाकीची पर्णदलं काळाच्या ओघात गळून एकच उरली. पहिल्या रकान्यापुढे लगेच लिहा: मॉसच्या पानाला देठ नाही, सांधा नाही, आणि मधली शीर सोडली तर ते बहुतेक ठिकाणी एकाच पेशीच्या जाडीचं.

पायरी ३: पाण्याचा हिशोब

माझ्या मते ही तुलना उंचीवरून किंवा कोण पुढारलेलं यावरून सुरू करूच नये. पाण्यावरून सुरू केली की बाकीचं आपोआप उलगडतं. त्यामुळे या पायरीला निदान एक रविवार द्या.

पहिला प्रयोग मॉसचा. नाण्याएवढा गठ्ठा चाकूने अलगद सोडवून घ्या, माती झटका, पाकिटात घालून आठवडाभर सावलीत वाळू द्या. तपकिरी, कुरकुरीत, मेल्यासारखं होईल. वजन करून लिहा. आता बशीत ठेवा, भिंग डोळ्याला लावा आणि फवारा मारा. काही सेकंदांत पानं उलगडू लागतात, मिनिटाभरात तो हिरवा होतो. नजर हटवू नका, चहा आणायला गेलात तर हुकेल. पुन्हा वजन करा. कोरड्या वजनाच्या कित्येक पट पाणी त्याने धरलेलं असतं, बरंचसं पानांच्या मधल्या फटींत.

आता संत्र्याचं एक पान तोडून शेजारी ठेवा. ते वाळलं की वाळलं. बादलीत बुडवून ठेवा, गंगाजल शिंपडा, परत येत नाही.

दुसरा प्रयोग पानाच्या रंध्रांचा. संत्र्याची एकसारखी चार पानं घ्या, चौघांच्या देठाच्या तुटलेल्या टोकाला व्हॅसलीन लावून बंद करा. पहिल्याला आणखी काही लावू नका. दुसऱ्याच्या फक्त वरच्या बाजूला व्हॅसलीन, तिसऱ्याच्या फक्त खालच्या, चौथ्याच्या दोन्ही बाजूंना. दोऱ्याला टांगा. उन्हाळ्यात एका दिवसात, पावसाळ्यात दोन-तीन दिवसांत उत्तर मिळतं: पहिलं आणि दुसरं आधी मान टाकतात, तिसरं आणि चौथं टिकतात. म्हणजे पाणी खालच्या बाजूने जात होतं. संत्र्याची पर्णरंध्रं तिथेच असतात. वरची बाजू मेणाने लिंपलेली, म्हणून ती चकाकते.

दोन्ही प्रयोग वहीत शेजारी ठेवले की चित्र स्पष्ट होतं. संत्रा पाणी मुळांनी ओढतो, जलवाहिन्यांतून वर चढवतो आणि रंध्रांची दारं उघडझाप करून जपून खर्च करतो. आतला ओलावा टिकवणं हाच त्याचा जगण्याचा मार्ग. मॉसकडे ना वाहिन्या, ना तिजोरी. भोवतालचं जेवढं ओलं, तेवढं ते ओलं. भोवताल वाळला की तेही वाळतं आणि वाट पाहतं. त्याला धरून ठेवणारे बारीक मूलाभ असतात, पण ते मुख्यतः चिकटून राहायला.

आणि आता ताकाकिया. त्याला मूलाभसुद्धा नाहीत, पर्णरंध्रं नाहीत. पानं अशी की पान म्हणावं का हाच प्रश्न: हाताच्या बोटांसारखी बारीक, गोल, दोन-चार फाट्यांची. तिबेटच्या पठारावर चार हजार मीटरच्या वर ते राहतं, वर्षातले आठ महिने बर्फाखाली. बर्फ वितळला की उरलेल्या चार महिन्यांत अतिनील किरणांचा मारा. आपल्या भिंतीवरचं मॉस उन्हाळ्यात वाळून पडतं, हे बर्फाखाली दबून पडतं. अंथरूण वेगळं, झोप तीच.

पायरी ४: संत्र्याचा 'ताण' समजून घ्या

काटोल, नरखेड, कळमेश्वर, तिकडे वरूड-मोर्शी, कुठल्याही संत्रा बागायतदाराला विचारा, 'ताण' हा शब्द पाचव्या वाक्यात येईल. बागेला ठरावीक काळ पाणी तोडायचं. पानं मलूल होतात, पिवळी पडतात, काही गळतात. मग खतं देऊन पाणी सोडलं की झाड भरभरून फुलतं. डिसेंबर-जानेवारीत ताण दिला तर फेब्रुवारीच्या सुमारास आंबिया बहाराची फुलं येतात आणि फळं दिवाळीच्या आसपास. मे महिन्यात ताण बसला आणि मृगाच्या पावसाने तो मोडला तर मृग बहार, त्याची फळं उन्हाळ्याच्या तोंडावर. हलकी जमीन लवकर ताण धरते, भारी काळी उशिरा, त्यामुळे किती दिवस पाणी तोडायचं हे शेजाऱ्याचं बघून ठरवता येत नाही. ताण कमी पडला तर फूल नाही, जास्त झाला तर झाडच जातं.

कोरडेपणा संत्र्यासाठी एक इशारा आहे, आणि तो अर्ध्या वाटेवर थांबवावा लागतो. मॉस त्याच कोरडेपणात शेवटपर्यंत जातं आणि तिथून परत येतं. वहीत या दोन ओळी समोरासमोर लिहा, आणि घरच्या झाडावर ताणाचा प्रयोग करू नका. कुंडीतलं रोप तर दोन दुपारीत संपतं.

पायरी ५: पिढ्यांचा उलटा संसार

हे थोडं किचकट आहे, पण भिंग हाती असेल तर जमतं.

श्रावण-भाद्रपदात मॉसमधून केसासारख्या दांड्या वर येतात, टोकाला इवली बोंडी. त्या बोंडीत बीजाणू. ही दांडी म्हणजे त्याच रोपाचं फूल नसतं, ती पुढची पिढी असते, आईच्या डोक्यावर उभी राहून तिचंच खाणारी. खालच्या हिरव्या मॉसमध्ये गुणसूत्रांचा एकच संच असतो, दांडी-बोंडीत दोन. संत्र्यात हे उलटं: अख्खं झाड दोन संचांचं, आणि एका संचाची पिढी परागकणात आणि फुलाच्या पोटातल्या बीजांडात लपलेली. म्हणजे कूलरखालच्या हिरव्या पट्ट्याची बरोबरी संत्र्याच्या झाडाशी करायचीच नाही. खरी बरोबरी त्याच्या परागकणाशी. मला हे पहिल्यांदा समजलं तेव्हा मी बराच वेळ परागकण बोटावर घेऊन बसलो होतो.

मॉसच्या शुक्रपेशी पोहतात, त्यांना दोन शेपट्या असतात. पाण्याचा पातळ थर नसेल तर फलन नाही, म्हणूनच या गटाला वनस्पतींतले उभयचर म्हणतात. संत्र्याला ती अडचण नाही. मधमाशी पराग आणते, परागनलिका पुढचं काम कोरड्यात उरकते.

संत्र्याची एक गंमत घरी करून पाहाच. बी पेरा. एकाच बीतून कधी दोन, कधी तीन रोपं निघतात. त्यातली बरीचशी फलनाशिवाय, आईच्याच पेशींपासून तयार झालेली असतात, हुबेहूब आईसारखी. जंभेरीतही हेच घडतं, म्हणून बियांपासून एकसारखे खुंट मिळतात. ज्या झाडाने पाण्याची अट सोडवली त्याने पुढे लग्नाची अटही बरीच सैल केली, असं मी म्हणेन. शास्त्रज्ञ असं म्हणणार नाहीत.

पायरी ६: तिसरा रकाना, वाचून

ताकाकियाची कथा मुळात चुकीच्या ओळखीची आहे, त्यामुळे पायरी १ मध्ये तुम्ही चुकलात तर वाईट वाटून घेऊ नका. ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ हूकर यांनी सिक्कीमच्या हिमालयातून नेलेल्या नमुन्यांवरून १८६१ च्या सुमारास विल्यम मिटन यांनी त्याचं वर्णन केलं, पण ते लिव्हरवर्ट, म्हणजे रिक्सियाच्या गटातली वनस्पती, समजून. पुढे १९५० च्या दशकात जपानच्या डोंगरांत नोरिओ ताकाकी यांना अशीच एक वनस्पती सापडली, आणि १९५८ मध्ये त्यांच्या नावाने हा वंश जाहीर झाला. जपानी लोकांनी तिला टोपणनाव दिलं 'नान्जामोन्जा-गोके'. नागपुरी भाषांतर करायचं तर 'हे काय होय बाप्पा मॉस'. तेव्हाही ते लिव्हरवर्टच मानलं जात होतं. अलास्काजवळच्या अल्यूशियन बेटांवर त्याच्या दांड्या-बोंड्या सापडल्या, १९९३ मध्ये त्यांचं वर्णन छापून आलं, आणि मग वाद मिटला: हे मॉसच. बोंडी एकाच पिळदार चिरेने उघडते.

या वंशात फक्त दोन जाती आहेत. त्यातल्या एकीत एका संचात अवघी ४ गुणसूत्रं, जमिनीवरच्या वनस्पतींतल्या अगदी नीचांकी संख्यांपैकी. संत्र्याच्या एका संचात ९. यावरून संत्रा दुपटीने गुंतागुंतीचा असं कोणी म्हणालं तर पुढची ओळ दाखवा. २०२३ मध्ये ताकाकियाचा जनुकसंच वाचून झाला: २७,४६७ जनुकं. २०१३ मध्ये मोसंबीच्या जातीचा वाचला गेला, त्यात अंदाजे २९ हजार ४००. २०१४ मध्ये संत्र्याच्या जवळच्या नात्यातल्या क्लेमेंटाइनचा, त्यात अंदाजे २४ हजार ५००. म्हणजे नखाएवढं मॉस मोसंबी आणि क्लेमेंटाइन यांच्या मधोमध बसतं.

ताकाकियाचा वंश सुमारे ३९ कोटी वर्षं जुना मानतात, हिमालयाहून कितीतरी जुना. हिमालय उंचावत गेला तसं ते वर वर नेलं गेलं आणि तिथल्या थंडीला, किरणांना जुळवून घेत गेलं. त्याच अभ्यासात असंही दिसलं की त्याची झपाट्याने बदललेली जनुकं इतर मॉसांपेक्षा जास्त आहेत. 'आदिम' हा शब्द वहीत लिहिला असेल तर खोडा. आणि एवढं जुळवून घेणारं हे मॉस आता तिथल्या वाढत्या उष्म्यापुढे दर वर्षी थोडं थोडं आक्रसत चाललं आहे.

शेतावर जाणाऱ्यांसाठी दोन शब्द

संत्र्याच्या बुंध्यावर मॉस दिसलं की काही जण ते रोग समजून खरवडतात. मॉस झाडाचं काही खात नाही, त्याला फक्त बसायला जागा हवी असते. ते दिसतंय याचा अर्थ तिथे सावली आणि ओल जास्त आहे, तेवढं लक्षात घ्या. खरी काळजी डिंक्याची: बुंध्याची साल चिरून डिंक ओघळू लागला तर ते फायटोप्थोरा नावाच्या बुरशीसारख्या जीवाचं काम. त्यासाठी पावसाळ्याआधी आणि नंतर बुंध्याला जमिनीपासून मीटरभर बोर्डो मलम लावतात: एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. त्यातल्या तांब्याने मॉसही जातं. निरीक्षणासाठी एखादं मॉसवालं झाड निवडलं असेल तर मलम लावायच्या आधी पाहून घ्या. मलम थांबवू मात्र नका.

रोपवाटिकेत 'मॉस' म्हणून विकत मिळतं ते स्फॅग्नम. कागदी लिंबाची गुटी बांधताना (झाडावरच फांदीला मुळं फोडायची पद्धत) ओलं करून गुंडाळतात तेच. भिंतीवरच्या मॉसच्या रकान्यात त्याची नोंद करू नका, ते निराळ्या घराण्यातलं आहे आणि पाणी धरण्यात सगळ्यांचा बाप.

सुरुवात कधीही करा, पण वर्षातून चार नोंदी चुकवू नका: नवतपा, पोळा, दिवाळी आणि आंबिया बहार फुलल्याची सकाळ. वाळवलेल्या मॉसची दोन पाकिटं तारीख घालून कपाटात वेगळी ठेवा. एक पुढच्या वर्षी उघडून फवारा मारा, दुसरं त्याच्या पुढच्या. माझं एक तीन वर्षांपूर्वीचं अजून बंद आहे. काकू दर पावसाळ्यात विचारतात, "उठली का हो तुमची काई?"